चार स्क्रूंवरची गिटार

इलेक्ट्रिक गिटारचे ढोबळमानाने दोन भाग: बॉडी आणि नेक. बॉडीवर तारांचे कंपन टिपणारे पिकअप, तारांची खालची बाजू टेकते तो ब्रिज आणि वायरिंग असते. नेकवर फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, तारा ताणण्याच्या खुंट्या आणि वरच्या टोकाला तारा टेकतात ती नट नावाची खाचदार पट्टी असते. हे दोन भाग तीन रीतींनी जोडतात. एक, नेक ग्लूने कायमचा चिकटवायचा. दोन, नेकचेच लाकूड बॉडीच्या मधून पार खालपर्यंत न्यायचे. तीन, बॉडीत चौकोनी खाच करून नेक तीत बसवायचा आणि मागून स्क्रूंनी आवळायचा. या तिसऱ्या, बोल्ट-ऑन रीतीची गिटार स्क्रू ड्रायव्हरने सुटी होते, त्यामुळे एका गिटारचा नेक दुसरीच्या बॉडीवर चढवता येतो. मिरजेच्या सतारीत दांडी आणि भोपळा एकदा जुळले की तिथे असा विचारही करता येत नाही. बोल्ट-ऑन गिटारमध्ये मात्र ती सोय पहिल्या दिवसापासून आहे.

सुट्या नेकची कल्पना रिकनबॅकर कंपनीने १९३५ च्या बेकेलाइट गिटारमध्ये वापरली होती. तिला कारखानदारीचे रूप दिले लिओ फेंडर यांनी. फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी १९३८ मध्ये त्यांनी रेडिओचे दुकान काढले होते. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे, पण यंत्र उघडायचे, बिघडलेला भाग काढायचा आणि नवा बसवायचा ही शिस्त त्यांच्या हाडात होती. १९५० साली त्यांच्या कारखान्यातून एस्क्वायर आणि ब्रॉडकास्टर या गिटार बाहेर पडल्या. ब्रॉडकास्टर हे नाव ग्रेच कंपनीच्या ड्रमच्या नावाशी जुळत असल्याने बदलावे लागले आणि १९५१ मध्ये तीच गिटार टेलिकास्टर झाली. नेक अखंड मेपलचा, खाचेत बसवून चार स्क्रूंनी आवळलेला. नाव बोल्ट-ऑन पडले असले तरी हे बोल्ट नव्हेत, लाकडाचेच स्क्रू आहेत. सुरुवातीच्या एस्क्वायरमध्ये नेकला आतून ताण देणारी लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, नव्हती. नेक वाकले तर बदलून देता येतील असा फेंडर यांचा हिशेब होता. विक्री पाहणाऱ्यांनी आग्रह धरल्यावर त्याच वर्षात सळई आली. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली आणि तिच्यातही हीच जोडणी राहिली. गिब्सनची लेस पॉल १९५२ पासून चिकटवलेल्या नेकने बनत होती. तिथे नेक तुटला तर गिटार थेट कारागिराकडे न्यावी लागते.

कारखान्यातही नेक आणि बॉडी वेगवेगळ्या तयार होत. रंगवून झालेल्या बॉडींचा साठा एकीकडे, नेकांचा दुसरीकडे, आणि जोडणी करणारा हाताला येईल ते उचलून जोडी लावी. म्हणून १९५० आणि ६० च्या दशकांतल्या कितीतरी फेंडर गिटारांत नेकवरची तारीख आणि बॉडीवरची तारीख यांत काही महिन्यांचा फरक सापडतो. ‘हिचाच नेक’ अशी जन्मजात जोडी त्या गिटारांना कधी नव्हतीच.

अदलाबदल जमते ती मापे जुळल्यामुळे. फेंडरच्या रूढ मापात बॉडीतली खाच, म्हणजे पॉकेट, सुमारे ५६ मिलिमीटर रुंद, ७६ मिलिमीटर लांब आणि १६ मिलिमीटर खोल असते. नेकची टाच, म्हणजे खाचेत बसणारे टोक, साधारण २५.४ मिलिमीटर जाड. वजाबाकी केली की फिंगरबोर्ड, म्हणजे नेकची फ्रेट असलेली बाजू, बॉडीच्या पृष्ठभागापासून साडेनऊ मिलिमीटर वर राहतो आणि फेंडरचे ब्रिज या उंचीसाठीच घडवलेले असतात. मागच्या नेकप्लेटची चार भोके ५१ गुणिले ३८ मिलिमीटरच्या आयताच्या कोपऱ्यांत असतात. वॉर्मथसारखे सुटे भाग बनवणारे कारखाने, तसेच आशियातले असंख्य निर्माते हीच मापे धरतात. सगळे मात्र धरत नाहीत. इबानेझच्या बऱ्याच गिटारांत स्क्रू आयताच्या कोपऱ्यांत नसून तिरपे सरकवलेले असतात. फेंडरने स्वतः १९७१ पासून काही मॉडेलवर तीन स्क्रूंची जोडणी वापरली. त्यामुळे नेक विकत घेण्यापूर्वी कंपनीचे नाव वाचण्याऐवजी मोजपट्टी काढावी.

सर्वांत महत्त्वाचे माप डोळ्यांना दिसत नाही. ते म्हणजे स्केल: नटपासून ब्रिजवरच्या सॅडलपर्यंत तारेची कंपन पावणारी लांबी. स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टरचे स्केल साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४७.७ मिलिमीटर. गिब्सनचे पाऊण इंच कमी, पावणेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६२८.७ मिलिमीटर. फेंडरच्याच जॅग्वार आणि मस्टँग या गिटारांचे चोवीस इंच. तार बाराव्या फ्रेटवर दाबली की तिची लांबी निम्मी होते आणि सूर एक सप्तक वर जातो. म्हणून नटपासून बारावा फ्रेट जितका दूर, तितकाच सॅडल बाराव्या फ्रेटपासून दूर हवा. तार दाबताना ती थोडी ताणली जाते, त्याची भरपाई म्हणून वर एखाद-दोन मिलिमीटर. फ्रेटच्या जागा नेकवर कायमच्या ठरलेल्या असतात आणि ब्रिज बॉडीवर ठरलेला असतो. या दोघांमधले अंतर ठरते ते सांध्यात. नेकच्या टाचेचे टोक खाचेत कुठे टेकते, यावर सगळे सूर अवलंबून असतात.

स्ट्रॅटोकास्टरमध्ये बारावा फ्रेट सॅडलपासून ३२३.८५ मिलिमीटरवर येतो. सॅडल दोन मिलिमीटर मागे पडला तर बाराव्या फ्रेटवरचा सूर अर्धस्वराच्या शंभराव्या भागाच्या, म्हणजे सेंटच्या हिशेबात, पाचहून थोडा अधिक सेंटने खाली उतरतो. एवढा फरक सरावलेल्या कानाला खटकतो आणि सॅडलच्या स्क्रूने सहज काढूनही टाकता येतो. पण जॅग्वारचा चोवीस इंची नेक स्ट्रॅटोकास्टरच्या बॉडीवर चढवला तर बाराव्या फ्रेटपासून सॅडल ३०४.८ मिलिमीटरवर हवा, आणि ब्रिज त्यापेक्षा कितीतरी लांब पडतो. सॅडलच्या स्क्रूची धाव तेवढी नसते. मग बॉडीला नव्या जागी भोके पाडून ब्रिज सरकवणे हाच उपाय, आणि ब्रिज ट्रेमोलोचा, म्हणजे दांडीने सूर हलवण्याचा, असेल तर बॉडीच्या पोटातली पोकळीही नव्याने कोरावी लागते. इतकी उस्तवार करण्यापेक्षा नेकच बदलून आणावा.

यातून मार्ग म्हणून ‘कन्व्हर्जन नेक’ निघाले. त्यांचे गणित ब्रिजकडून सुरू होते. ब्रिज जिथे आहे तिथेच ठेवून पावणेपंचवीस इंचांच्या स्केलचे फ्रेट त्याच्यापासून उलटे मोजून आखतात. टाच फेंडरच्या मापाचीच असते. परिणामी नट सुमारे १९ मिलिमीटर बॉडीच्या जवळ येते, नेक तेवढा आखूड होतो आणि फ्रेटमधली अंतरे किंचित कमी होतात. स्ट्रॅटोकास्टरची बॉडी तशीच राहते, पण बोटांना गिब्सनचे अंतर मिळते आणि त्याच तारा त्याच सुरात थोड्या सैल लागतात. लहान पंजाच्या वादकाला याचा खरोखर उपयोग होतो.

एकवीस फ्रेटच्या बॉडीवर बावीस फ्रेटचा नेक बसतो, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. फेंडरच्या पद्धतीत टाच तीच राहते. फिंगरबोर्ड मात्र टाचेच्या पुढे जिभेसारखा काढलेला असतो आणि त्या जिभेवर बाविसावा फ्रेट येतो. सूर बिघडत नाहीत. गैरसोय एकच: स्ट्रॅटोकास्टरमध्ये ती जीभ वायरिंग झाकणाऱ्या पिकगार्डच्या कडेवर येते, त्यामुळे पिकगार्ड उघडून वायरिंग पाहायचे झाले की आधी नेक सोडवावा लागतो.

टाचेचा आकारही पाहावा लागतो. स्ट्रॅटोकास्टरच्या टाचेचे टोक गोलाईचे, टेलिकास्टरचे सरळ कापलेले. स्ट्रॅटोकास्टरचा नेक टेलिकास्टरच्या खाचेत उतरतो. कोपऱ्यांत बारीक फट दिसते, एवढेच. उलट प्रकारात टेलिकास्टरच्या टाचेचे कोपरे गोल खाचेच्या भिंतीला आधी भिडतात आणि नेक पूर्ण आत जात नाही. कोपरे कानशीने गोल करावे लागतात, आणि ते करताना टाचेची लांबी राखावी लागते. टोक मधोमध घासले तर स्केलच बिघडते. खाचेत नेक हाताने दाबल्यावर घट्ट बसावा, पण ठोकावा लागू नये. फार घट्ट बसवलेल्या नेकने खाचेच्या कोपऱ्यातला रंग तडकतो. लाकूड दमट हवेत आडवे फुगते, त्यामुळे कोकणपट्टीत आणि गोव्यात उन्हाळ्यात चपखल बसलेला सांधा पावसाळ्यात कडांवर दाब देऊ लागतो. कागदाएवढी फट ठेवलेली बरी.

रुंदीचा प्रश्न ब्रिजकडून येतो. जुन्या घाटाच्या स्ट्रॅटोकास्टर ब्रिजवर सहा तारांचा पसारा सुमारे ५६ मिलिमीटर असतो, नव्या घाटात ५२ च्या आसपास. अरुंद नेक जुन्या रुंद ब्रिजसमोर आला की वरच्या फ्रेटवर पहिली आणि सहावी तार फिंगरबोर्डच्या अगदी काठाशी येते आणि बोटाने ओढताच बाहेर घसरते. हा दोष कोणत्याही सेटिंगने जात नाही.

खरे कौशल्य लागते कोनासाठी. दोन नेकांच्या टाचांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक सहज असतो, आणि तो ब्रिजपाशी पोचेपर्यंत वाढतो. खाचेच्या मागच्या टोकाला, म्हणजे ब्रिजच्या बाजूला, अर्धा मिलिमीटर जाडीची पट्टी ठेवली तर ७६ मिलिमीटरच्या अंतरात नेक तेवढा कलतो. खाचेच्या पुढच्या कडेपासून सॅडल अडीचशे मिलिमीटरच्या थोडे पुढे असतो. त्याच प्रमाणात फिंगरबोर्डची रेषा ब्रिजपर्यंत लांबवली तर ती तिथे सुमारे १.७ मिलिमीटर वर येते, म्हणजे सॅडल तेवढे उंच करावे लागतात. नवा नेक बसवल्यावर सॅडल पार खाली टेकवूनही तारा फ्रेटपासून उंच राहत असतील, तर अशी अर्ध्या मिलिमीटरची पट्टी बहुधा पुरते. या पट्टीला शिम म्हणतात. कारखान्यांत कागदी पुठ्ठा वापरला गेला, कारागीर व्हिजिटिंग कार्डाचे तुकडे वापरतात. यापेक्षा पूर्ण खाचेएवढी, एका बाजूला निमुळती होत गेलेली लाकडी शिम चांगली, कारण तिच्यात टाचेखाली पोकळी राहत नाही. पोकळीवर स्क्रू वर्षानुवर्षे आवळलेले राहिले की टाचेकडचे फ्रेट वर उचलले जातात अशी कारागिरांची तक्रार असते. फेंडरच्या तीन स्क्रूंच्या जोडणीत मायक्रो-टिल्ट नावाचा छोटा स्क्रू होता. मागून चावी फिरवून नेकचा कोन बदलता येई. कल्पना उत्तम होती. त्या काळात खाचा सैल कापल्या गेल्याने तीन स्क्रूंवर नेक आडवा सरकू लागला आणि ती पद्धत बदनाम झाली. दोष कापणीचा होता, कल्पनेचा नव्हे.

बसवण्याचे काम घाईने करू नये. तारा सैल करून काढायच्या, जुना नेक सोडवायचा आणि नवा कोरडाच खाचेत ठेवून पाहायचा. नेकला आधीची भोके असतील आणि ती बॉडीच्या भोकांशी जुळत नसतील, तर मेपलच्या काड्या ग्लू लावून भोकांत ठोकायच्या आणि वाळू द्यायचे. मग पहिली आणि सहावी तार चढवून, किंवा त्यांच्या जागी दोरा ताणून, दोन्ही कडांपासूनचे अंतर सारखे येईपर्यंत नेक सरळ करायचा आणि क्लॅम्पने धरायचा. बॉडीच्या भोकांतून खुणा केल्या की नेक पुन्हा बाहेर. सुमारे ३.२ मिलिमीटरच्या ड्रिलने भोके पाडताना ड्रिलवर टेपची खूण हवी, कारण ते फार खोल गेले तर टोक फिंगरबोर्डच्या आतल्या बाजूला भिडते. रूढ स्क्रू ४४ मिलिमीटरच्या आसपास लांब. साडेचव्वेचाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर जाड बॉडीत खाचेखाली २९ मिलिमीटर लाकूड उरते, त्यामुळे स्क्रू टाचेत साधारण १४ मिलिमीटर शिरतो. स्वस्त गिटारांची बॉडी बऱ्याचदा पातळ असते. तिच्यातून हाच स्क्रू टाचेत जास्त खोल घुसतो आणि फिंगरबोर्ड आतून फुगवतो. अशा बॉडीला आखूड स्क्रू घ्यावेत.

आणखी एक बारकावा फार जणांकडून सुटतो. स्क्रूच्या आट्यांनी फक्त नेकचे लाकूड धरायला हवे. बॉडीच्या भोकातून स्क्रू सैल सरकला पाहिजे. आट्या बॉडीतही रुतल्या तर दोन्ही तुकडे स्क्रूवर वेगवेगळे अडकतात आणि कितीही आवळले तरी मध्ये केसाएवढी फट राहते. बॉडीची भोके किंचित मोठी करणे हा त्यावरचा साधा इलाज. मेपल कठीण असल्याने स्क्रूला मेण लावावे, नाहीतर त्याचे डोके मोडते. तारा सुरात आणल्यावर चारही स्क्रू पाव फेरा सैल करून पुन्हा आवळले की ताराच नेकला खाचेत मागे खेचून पक्का बसवतात.

नेक बदललेल्या किंवा सुट्या भागांतून जुळवलेल्या गिटारांत काही जगप्रसिद्ध आहेत. गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी १९७० मध्ये नॅशव्हिलच्या शो-बड दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या, तीन जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवुड यांना दिल्या आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग एकत्र करून ‘ब्लॅकी’ जुळवली. २००४ मध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात तिला ९,५९,५०० डॉलर मिळाले. एडी व्हॅन हेलन यांनी ५० डॉलरची बॉडी आणि ८० डॉलरचा नेक घेऊन, गिब्सन ईएस-३३५ चा पिकअप बसवून आपली ‘फ्रँकेनस्ट्रॅट’ केली. १९७८ मध्ये त्यांच्या बँडचा पहिला अल्बम आल्यावर सुटे भाग जोडून गिटार करण्याचा जणू शिरस्ताच पडला. जिमी पेज यांची १९५९ ची टेलिकास्टर त्यांना १९६६ मध्ये जेफ बेक यांनी भेट दिली होती. पेज यांनी तिच्यावर ड्रॅगन रंगवला आणि लेड झेपलिनच्या पहिल्या अल्बमसाठी तीच वापरली. पुढे ते दौऱ्यावर असताना एका मित्राने तिच्यावर नवे रंगकाम केले आणि वायरिंगही बिघडले. पेज यांनी तिचा नेक वाचवला आणि तो दुसऱ्या, तपकिरी टेलिकास्टरवर चढवला.

सर्वांत बोलके उदाहरण गिटारवादक डेव्हिड गिलमोर यांच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरचे. ही गिटार त्यांनी १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनीज दुकानात घेतली. मूळ मेपलचा नेक काही वर्षांत गेला. त्याच्या जागी १९६३ चा रोझवुड फिंगरबोर्डचा नेक आला, १९७८ मध्ये शार्वेलचा मेपल नेक, आणि पुढे १९५७ च्या घाटाचा फेंडरचा नवा नेक. ‘द वॉल’ अल्बमच्या वेळी शार्वेलचा नेक होता. २०१९ मध्ये ख्रिस्टीजमध्ये ही गिटार ३९,७५,००० डॉलरला गेली. एवढी किंमत येताना तिच्यावर मूळ नेक नव्हता. वादकाने तिच्याकडे सतत सुधारत जाणारे साधन म्हणून पाहिले, आणि ते पाहणे योग्यच होते.

नेक बदलल्याने आवाज बदलतो का, या वादात ठामपणे सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. तारेची काही ऊर्जा नेकच्या कंपनांत जाते. नेकच्या स्वाभाविक कंपनाशी जुळणारा सूर दाबला की तो लवकर विझतो. अशा जागेला डेड स्पॉट म्हणतात. जर्मन संशोधक हेल्मुट फ्लायशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात फ्रेटवर मोजमापे घेऊन हा संबंध दाखवला. नेकची जाडी, लाकूड किंवा हेडस्टॉकचे, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकाचे, वजन बदलले की ही जागा सरकते. बाकी ‘मेपल चमकदार, रोझवुड उबदार’ या विधानांपेक्षा नेकची जाडी आणि फिंगरबोर्डची गोलाई हाताला जे देते ते मोठे आहे. १९५० च्या दशकात ही गोलाई सव्वासात इंच त्रिज्येची होती, आज साडेनऊ किंवा बारा इंचांची सर्रास मिळते. जुन्या गोल फिंगरबोर्डवर कॉर्ड सोप्या, पण तार ओढून सूर चढवताना ती फ्रेटला घासून मरते. सपाट फिंगरबोर्डवर ते होत नाही. नेक बदलण्याचे हे एक सबळ कारण.

सुट्या नेकांच्या बाजाराला कायद्याचीही चौकट आहे. अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने २००९ मध्ये फेंडरच्या बॉडींचे आकार सर्वसामान्य झाल्याचे ठरवले. हेडस्टॉकचे आकार मात्र फेंडरच्या मालकीचे राहिले. म्हणून अमेरिकेत त्या घाटाची बॉडी कोणीही विकू शकतो, पण तसेच हेडस्टॉक असलेला नेक विकायला परवाना लागतो. लाकडावरही निर्बंध आले. फेंडरने १९६० च्या दशकात ब्राझिलियन रोझवुड मागे टाकून भारतीय रोझवुड धरले. हे लाकूड म्हणजे सह्याद्रीतला आपला शिसव. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण प्रजातीचा व्यापार वन्य जीव-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय करारात नियंत्रित झाला आणि रोझवुडचा एक सुटा नेक परदेशी विकायलाही कागदपत्रे लागू लागली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्ये आणि त्यांचे तयार भाग यांना सूट मिळाली. ब्राझिलियन जात मात्र कडक बंधनातच आहे.

जुन्या गिटारची किंमत ठरवताना नेक सोडवून आत पाहतात. टाचेच्या टोकावर पेन्सिलीने किंवा शिक्क्याने तारीख असते, बॉडीच्या खाचेत दुसरी. दोन्हींत काही महिन्यांचा फरक असेल तर ठीक, काही वर्षांचा असेल तर नेक बहुधा बदललेला आहे. अनुक्रमांक १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९७६ पर्यंत नेकप्लेटवर असे, त्यानंतर तो हेडस्टॉकवर गेला. म्हणजे नेक बदलला की नंतरच्या काळातल्या गिटारचा अनुक्रमांकही नेकबरोबर जातो. नेक बदलणाऱ्याने मूळ नेक, खुंट्या, नेकप्लेट आणि चारही स्क्रू एकत्र बांधून ठेवावेत. बॉडीला नवी भोके पाडलेली नसतील आणि खाच तासलेली नसेल, तर ती गिटार केव्हाही जशीच्या तशी परत जुळवता येते.